रोल घेण्याआधी तो धुणार कोण, ते ठरवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पणजीच्या मळ्यातल्या गल्ल्यांत आणि मिरामारच्या वाळूवर गळ्यात जुना कॅमेरा अडकवलेली कॉलेजची मुले अलीकडे पुन्हा दिसू लागली आहेत. कुणाकडे काकांची यशिका, कुणाकडे ऑनलाइन घेतलेला पेंटॅक्स के-१०००. कृष्णधवल रोलही आता मागवला की घरपोच येतो. तरी पहिले दोन-तीन रोल फुकट जातात आणि खापर फुटते ते बिचाऱ्या कॅमेऱ्यावर. कॅमेरा बहुधा निर्दोष असतो, रोल निवडतानाच चूक झालेली असते. ‘कोणती फिल्म चांगली?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ती धुणार कोण आणि फोटो कुठल्या उजेडात काढायचे, हे ठरवल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही, म्हणून हे पत्र.

कृष्णधवल रोल दोन जातींचे असतात आणि डबीवरून ते सहज ओळखू येत नाहीत. पहिली जात खऱ्या चांदीच्या फिल्मची. इलफर्डची एचपी ५ प्लस, एफपी ४ प्लस आणि डेल्टा, कोडॅकची ट्राय-एक्स आणि टी-मॅक्स, केंटमेअर, फोमापॅन या सगळ्या त्यातल्या. त्या कृष्णधवल डेव्हलपरमध्येच धुवाव्या लागतात. दुसऱ्या जातीत आज सहज मिळणारी एकच फिल्म आहे, इलफर्डची एक्सपी २ सुपर. ती रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ रसायनात धुतली जाते आणि तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, रंगद्रव्याची प्रतिमा उरते. कॅसेटवर ‘सी-४१’ अशी बारीक अक्षरे छापलेली असतात, ती विकत घेतानाच वाचावीत.

ही अक्षरे न वाचता चांदीचा रोल रंगीत लॅबच्या मशीनमध्ये गेला तर काहीही हाती लागत नाही. मशीनमधल्या पहिल्या बाथमध्ये चांदीची प्रतिमा तयार होते, पुढचे ब्लीच तिचे पुन्हा क्षारात रूपांतर करते आणि फिक्सर तो क्षार विरघळवून टाकतो. रंगीत फिल्ममध्ये तोवर रंगद्रव्य तयार झालेले असते, चांदीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये ते नसतेच. पट्टी काचेसारखी स्वच्छ बाहेर येते आणि काउंटरवरचा माणूस सांगतो, ‘तुमच्या कॅमेऱ्यात फिल्म फिरलीच नाही.’ त्याचे म्हणणे तपासून पाहता येते. पट्टीची कड उजेडात धरा. तिथे फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच छापून आलेले असतात. आकडे ठळक दिसतात पण चित्र नाही, तर धुणे बरोबर झाले आणि फिल्म बहुधा खरोखरच कॅमेऱ्यात पुढे सरकली नव्हती. कडेचे आकडेही गायब असतील तर रोल चुकीच्या रसायनात गेला आहे किंवा डेव्हलपरच्या आधी फिक्सर पडला आहे. फिल्म न सरकण्यावरचा उपाय सोपा आहे: रोल भरून झाकण लावल्यावर डावीकडची रिवाइंडची कळ तिच्यावरच्या बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्मचा सैलपणा काढावा आणि पुढचे दोन-तीन फ्रेम ओढताना ती कळ आपोआप फिरते का, ते पाहावे.

तेव्हा ज्याला घरी धुवायचे नाही आणि ज्याच्या ओळखीत कृष्णधवल धुणारा नाही, त्याने सरळ एक्सपी २ घ्यावी. सी-४१ मशीन चालू असलेली कुठलीही रंगीत लॅब ती धुऊन देते. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाईही तिच्यावर चालते. चांदीच्या फिल्मवर ती चालत नाही, कारण चांदी इन्फ्रारेड किरण अडवते आणि स्कॅनर चित्रालाच धूळ समजून खोडू लागतो. जाणकार मंडळी या फिल्मला नाके मुरडतात, ते मला पटत नाही. बॉक्सवर ४०० (फिल्मचा वेग, म्हणजे आयएसओ; आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो) लिहिले असले तरी ती २०० वर वापरावी, सावल्या भरून येतात.

आता उजेडाचे. गोव्यात जानेवारी ते मे भर उन्हाचा हिशेब अगदी सरळ आहे: एफ १६ ला (हे भिंगाचे छिद्र, आकडा मोठा तितके ते लहान) शटर आयएसओच्या आकड्याइतके. म्हणजे ४०० ची फिल्म असेल तर एफ १६ आणि त्या आकड्याच्या जवळचे १/५०० सेकंद. समुद्रकिनाऱ्यावर वाळू आणि पाणी उजेड परत फेकतात, तिथे एफ २२ लागतो. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचे शटर १/५०० किंवा १/१००० च्या पुढे जात नाही. परिणामी किनाऱ्यावर ४०० चा रोल घालून बसलेल्या माणसाच्या हाती जेमतेम एक-दोन सेटिंगे उरतात आणि पाठीमागची माडांची रांग धूसर करून चेहरा उठवणे त्याला जमत नाही. दिवसा बाहेर फोटो काढणाऱ्याने १०० किंवा १२५ चा रोल घ्यावा: एफपी ४ प्लस, केंटमेअर १००, फोमापॅन १००. मग १/५०० ला एफ ८ मिळतो, ग्रेनही (चित्रातले दाणे) बारीक राहतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत गणित उलटते. दाट ढगांखाली उजेड तीन स्टॉप उतरतो (दर स्टॉपला उजेड निम्मा), आणि फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरात शिरलात तर पोफळींच्या खाली आणखी तीन. तिथे ४०० च्या फिल्मला एफ ५.६ आणि १/६० इतकेच मिळते, १०० च्या फिल्मला १/१५. ते हातात धरून जमत नाही. पावसाळ्यात ४०० हवीच. चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीचे तसेच. वरती फळे, पाने, कवंडाळे सगळी दाट हिरवी आणि उजेड एका खिडकीचा नि दोन बल्बांचा. तिथे एचपी ५ किंवा ट्राय-एक्स ८०० वर लावून एफ २.८ आणि १/६० ने सुरुवात करावी आणि धुताना वेळ वाढवावा. एचपी ५ ला आयडी-११ डेव्हलपरच्या मूळ (पातळ न केलेल्या) द्रावणात २० अंशांना ४०० साठी साडेसात मिनिटे लागतात, ८०० साठी साडेदहा, १६०० साठी १४. हे ‘पुश’ करणे म्हणजे फिल्मचा वेग खराच वाढणे असे पुष्कळांना वाटते. सावलीत जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे वेळ वाढवून काही उगवत नाही; निगेटिव्हवर उजळ भाग अधिक गडद होतात आणि कॉन्ट्रास्ट चढतो इतकेच. एक रोल एकाच वेगावर संपवावा, अर्धा ४०० आणि अर्धा १६०० असे केल्यास एक अर्धा फुकट जातो.

३२०० च्या रोलचा मोह मात्र आवरावा. इलफर्ड आपल्या डेल्टा ३२०० चा खरा वेग १००० च्या आसपास सांगते, बाकीचा वेग पुशचा. या वेगवान फिल्म उष्णतेने सगळ्यांत लवकर धुरकटतात. जत्रेच्या आधी एखादा ताजा रोल घ्यावा, फोटो काढून लगेच धुवावा. साठा करायची ती वस्तू नव्हे.

रंगांबद्दल एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. मळ्यातली घरे डोळ्यांना विटकरी, निळी, पिवळी अशी वेगवेगळी दिसतात. कृष्णधवल फिल्मवर विटकरी भिंत आणि तिच्या शेजारची निळी भिंत जवळजवळ एकाच राखाडी छटेत येतात आणि फोटोचा प्राणच जातो. फरक फिल्टरने पाडावा लागतो. नारिंगी फिल्टरने विटकरी भिंत उजळते आणि निळी काळवंडते; हिरव्याने विटकरी भिंत आणि उघड्या चिऱ्याचे गडगे गडद होतात, झाडोरा फिका पडतो. पांढऱ्या चर्चमागचे आणि देवळाच्या दीपस्तंभामागचे आकाश फिल्मवर फटफटीत येते, तिथे पिवळा फिल्टर पुरतो. पिवळ्याला एक स्टॉप द्यावा लागतो, नारिंगीला दीड ते दोन, गडद लाल २५ नंबरला तीन. लाल फिल्टर लावून कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नये. आधी फिल्टरविना मोजून मग तीन स्टॉप वाढवावेत. पांढरी भिंत फ्रेमभर असेल तर मीटर तिला राखाडी करायला बघतो, त्यासाठी आणखी दीड स्टॉप. इलफर्डची ऑर्थो प्लस लाल रंगाला आंधळी आहे, उन्हात ८० आणि पिवळ्या बल्बखाली ४० धरायची. तिच्यावर चिऱ्याची भिंत जवळपास काळी येते. हौसेला छान, पहिल्या रोलाला मुळीच नको.

ब्रँडचा प्रश्न इतके सगळे झाल्यावर. इलफर्ड आणि केंटमेअर दोन्ही इंग्लंडमध्ये मॉबर्ली येथे हार्मन कंपनी बनवते. केंटमेअर स्वस्त आणि शिकायला उत्तम, फक्त एचपी ५ इतके ती पुशला साथ देत नाही. फोमापॅन झेक प्रजासत्ताकातली. तिच्या ४०० च्या रोलवर ४०० लिहिलेले असले तरी नेहमीच्या डेव्हलपरमध्ये २०० ते २५० धरा, नाहीतर सावल्या रिकाम्या येतात. तिचा थर ओला असताना मऊ असतो, ओरखडे लवकर पडतात. आणि संध्याकाळी ट्रायपॉड लावून मांडवीवरचे दिवे टिपायचे असतील तर ही फिल्म नको: मीटरने एक सेकंद सांगितला तर फोमापॅन १०० ला दोन लागतात, दहा सांगितले तर ऐंशी. एचपी ५ ला दहाच्या जागी साधारण वीस पुरतात. फुजीच्या अ‍ॅक्रॉस २ ला दोन मिनिटांपर्यंत काहीच वाढवावे लागत नाही. कोडॅक ट्राय-एक्स ३५ मिमीमध्ये १९५४ पासून आहे, तिच्या गुणांविषयी वाद नाही, किमतीविषयी आहे. त्या किमतीत शिकणाऱ्याने केंटमेअर जास्त घ्यावेत. इलफर्डची पॅन एफ ५० सुंदर, पण टिपलेली प्रतिमा ती फार काळ धरून ठेवत नाही. तीन महिन्यांच्या आत धुवा असे कंपनीच सांगते. रोल सहा महिने कॅमेऱ्यात ठेवणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. अ‍ॅग्फाचे नाव वाचून हुरळून जाणाऱ्यांसाठी: लेव्हरकुसेनची अ‍ॅग्फाफोटो कंपनी २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, आज त्या नावाने मिळणारी फिल्म जुनी एपीएक्स नव्हे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच रोल हाताने भरलेले असतात. १०० फुटी मोठ्या रिळातून ३६ फ्रेमचे साधारण १८ रोल निघतात, त्यामुळे किंमत पडते. यात फसवणूक असतेच असे नाही. कोडॅकची सिनेमाची डबल-एक्स अशीच मिळते आणि ती उत्तम आहे. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: मूळ फिल्म कोणती, रिळाची मुदत काय, कॅसेट नवी की वापरलेली. वापरलेल्या कॅसेटच्या मखमली ओठात वाळूचा एक कण अडकला तरी पट्टीभर आडवी सरळ रेघ उमटते. दुसरा धोका वेगाचा. कॅसेटवर चंदेरी-काळ्या चौकोनांचा डीएक्स कोड नसेल तर आपोआप वेग वाचणारे कॅमेरे बहुधा १०० धरतात, ४०० चा रोल मग दोन स्टॉप जादा उजळतो. आणि शेवटचा फ्रेम जोर लावून ओढू नये. आत फिल्म चिकटपट्टीने जोडलेली असते, ती सुटली तर फिल्म कॅसेटमध्ये परत गुंडाळली जात नाही. अशा वेळी कॅमेरा अंधाऱ्या पिशवीतच उघडावा.

कपाटात सापडलेले उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल आठवण म्हणून जपावेत. आपल्याकडच्या दमट उकाड्यात इतकी वर्षे पडलेल्या रोलवर लग्नाचे फोटो काढण्यात अर्थ नाही.

इथे दुकानदारांना एक विनंती. रोल काचेच्या शोकेसमध्ये, वरती ट्यूबलाइट आणि समोरून दुपारचे ऊन, असे ठेवू नका. मे महिन्यात बंद दुकानातली उष्णता रोलच्या छापील मुदतीला किंमत ठेवत नाही. फ्रिजचा एक कप्पा पुरेसा आहे, शोकेसमध्ये रिकामे बॉक्स मांडा. गिऱ्हाइकानेही मुदतीच्या जोडीला ‘ठेवला कुठे होता?’ हे विचारावे. घरी रोल मूळ डबीत, डबी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी आणि डबा फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर डबी किमान दीड तास उघडू नये, फ्रीझरमधली असेल तर रात्रभर. पावसाळ्यात थंड फिल्मवर क्षणात दव धरते आणि त्याचे डाग धुतल्यावरही जात नाहीत. फोटो काढलेला रोल परत फ्रिजमध्ये ठेवायचे खूळ सोडा, आठवड्याभरात धुवा.

घरी धुणाऱ्यांचा खरा शत्रू नळाचे पाणी. एप्रिल-मेमध्ये ते सहज २९-३० अंशांवर असते आणि सगळे तक्ते २० अंशांचे. बर्फाने २० पर्यंत उतरवण्याची धडपड करू नका. डेव्हलपर २० अंशांचा आणि त्यानंतर धुण्याचे पाणी ३० चे, अशा उडीने जिलेटिनचा थर फुगतो-आकसतो आणि ग्रेन खरखरीत दिसतो. मऊ फोमाला तर सुरकुत्याच पडू शकतात. सगळी द्रावणे आणि पाणी २४ अंशांवर आणा. बर्फ पिशवीत घालून बाहेरच्या परातीत ठेवा, द्रावणात नको. २४ ला वेळ २० च्या सुमारे सात दशांश होतो. एचपी ५ ला मूळ द्रावणात मग सव्वापाच मिनिटेच उरतात, आणि पाच मिनिटांखाली डेव्हलपिंग एकसारखे होत नाही, आकाशात पट्टे येतात. म्हणून आपल्याकडे एकास एक पातळ केलेला डेव्हलपर वापरावा: २० अंशांची १३ मिनिटे २४ ला साधारण नऊ होतात. पातळ केलेला डेव्हलपर एकदाच वापरून टाकून द्यायचा.

तयार पावडर मिळाली नाही तर आयडी-११ सारखाच असलेला डी-७६ डेव्हलपर घरी बनवता येतो, प्रयोगशाळेला रसायने पुरवणाऱ्यांकडे सगळे सापडते. ५० अंशांच्या ७५० मिलि पाण्यात आधी चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग २ ग्रॅम मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट (एकूण १०० ग्रॅम, निर्जल), मग ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स आणि पाणी घालून एक लिटर. क्रम बदलू नका, सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही. मेटॉलची काहींच्या कातडीला अ‍ॅलर्जी येते, हातमोजे घाला. एक दिवस ठेवून वापरा, काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो.

फिक्सरची परीक्षा रोलच्या कापलेल्या जिभेवर घ्या. तुकडा फिक्सरमध्ये टाकून दुधी थर किती वेळात स्वच्छ होतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. टी-मॅक्स आणि डेल्टाला तिप्पट. ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ तुकड्याला लागू लागला की तो फिक्सर ओतून द्या. साधा हायपो (जुन्या पद्धतीचा फिक्सर) वापरणाऱ्यांनी टी-मॅक्सऐवजी एफपी ४ किंवा ट्राय-एक्स घेतलेली बरी, साध्या हायपोत टी-मॅक्सची गुलाबी झाक लवकर जात नाही. शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्यावे, त्यात वेटिंग एजंटचे थेंब, म्हणजे पाणी फिल्मवर थेंबांनी न साचता ओघळून जाते. पावसाळ्यात फिल्म तासन्‌तास ओली राहते आणि ओल्या जिलेटिनला बुरशी लगेच धरते. पंख्याखाली वाळवली तर धूळ चिकटते. कपड्यांच्या रिकाम्या कपाटात तळाशी ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि वरती चिमट्याने लटकलेली फिल्म, एवढ्यावर काम भागते. बल्ब आणि फिल्मचे टोक यांत हातभर अंतर ठेवा.

दाबोळी किंवा मोपावरून रोल घेऊन जाणाऱ्यांनी ते चेक-इन बॅगेत कधीही टाकू नयेत, तिथल्या यंत्राचे किरण जास्त तीव्र असतात. हँडबॅगेचे नवे सीटी स्कॅनरही फिल्म धुरकटवतात असा इशारा कोडॅक आणि इलफर्ड दोघांनी दिला आहे. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत घालावेत, रांगेत उभे राहण्याआधीच पिशवी हातात घ्यावी आणि हाताने तपासा अशी विनंती करावी. कॅमेऱ्यात रोल असेल तर तोही गुंडाळून त्याच पिशवीत.

आपला,
एक वाचक, फोंडा